गांधार नसलेली गिटार

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी काका दर गुरुवारी संध्याकाळी पेटी काढतात. वय ७८. चाळीसेक वर्षं त्यांनी भजनी मंडळात साथ केली. आता तिथे पेटीवर कॉलेजात जाणारा एक मुलगा बसतो आणि काका मागे टाळ घेऊन. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकलं की वाकलेलंच राहतं, मग डाव्या हातानं ओढून सरळ करावं लागतं, 'टक्' असा आवाज येतो. घरी वाजवताना ते बोट ते हिशेबातच धरत नाहीत. उरलेल्या बोटांत बसेल तेवढं वाजवायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

मागच्या महिन्यात मी त्यांना एका इंग्रज म्हाताऱ्याचा अल्बम ऐकवला. इंग्रजी गाणी काकांना आवडत नाहीत, 'सगळी सारखीच झणझणतात' हे त्यांचं ठाम मत. पण या वेळी त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, "अरे, ही गिटार पेटीसारखी का वाजतेय? गळ्याच्या मागेमागे चाललीय."

पंचवीस वर्षं मी हौशी गिटार वाजवतोय, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तेव्हा धड उत्तरही देता आलं नाही. आता सावकाश देतो.

आधी माणूस कोण ते. मार्टिन कार्थी. जन्म २१ मे १९४१, लंडनमध्ये वाढलेले. १९६५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, त्याला नुसतं त्यांचंच नाव होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी लोकगीतं गिटारवर गाणाऱ्या पोरांची एक लाट आली होती, त्यातलं हे आघाडीचं नाव. पुढची साठ वर्षं ते हेच करत राहिले. कधी एकटे, कधी बँडमध्ये, कधी बायको नॉर्मा वॉटरसन आणि मुलगी इलायझा यांच्याबरोबर. नॉर्मा २०२२ च्या जानेवारीत गेल्या. एकट्याच्या नावावरचा त्यांचा आधीचा अल्बम २००४ चा होता. त्यानंतर एकदम २१ मे २०२५ ला, ८४ व्या वाढदिवशी, नवा आला: 'ट्रान्सफॉर्म मी देन इंटू अ फिश'. म्हणजे 'मग माझा मासा करून टाका'. ही एका जुन्या दारूच्या गाण्यातली ओळ आहे. मी मेल्यावर माझा मासा करा आणि मला या सुरईतल्या दारूत पोहू द्या, अशी त्यातल्या माणसाची शेवटची इच्छा. ८४ व्या वर्षी अल्बमला हे नाव ठेवायचं म्हणजे गंमत करण्याची हौस अजून शाबूत हवी.

ब्रिटनमध्ये मर्क्युरी नावाचं वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीचं पारितोषिक असतं. त्याच्या २०२५ च्या यादीत हा अल्बम होता. इतक्या वयाचं माणूस त्या यादीत आधी कधी आलं नव्हतं. (नॉर्मा १९९६ च्या यादीत होत्या, तेव्हा घरात हे दुसऱ्यांदाच.) पारितोषिक मिळालं नाही. ते जाऊ दे, मला त्यातलं दुसरंच काही सांगायचंय. या अल्बममध्ये कार्थींनी १९६५ च्या त्या पहिल्या अल्बमकडे परत जाऊन त्यातली बरीच गाणी पुन्हा म्हटली आहेत. चोविसाव्या वर्षी गायलेलं चौऱ्याऐंशीव्या वर्षी. दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकता येतात. असा योग क्वचित येतो, आणि गिटार, गळा व वय यांचं आपसात काय चालतं ते कळायला याहून सोपी वाट मला तरी माहीत नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे.

आपल्याकडे गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गॅदरिंगमध्ये पायावर पाय टाकून बसलेला मुलगा, तीन-चार कॉर्ड, आणि वरून खाली झणझण. कॉर्ड म्हणजे काही गूढ प्रकार नाही. सा, ग, प असे तीन स्वर एकदम वाजवले की झाली कॉर्ड. त्यातला ग शुद्ध असेल तर तिला मेजर म्हणतात, कोमल असेल तर मायनर. सा आणि प दोन्हीकडे तेच, म्हणजे सगळी गोम त्या एका गांधारात. गाणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आत गिटारवाला गांधार वाजवून मोकळा होतो आणि गाण्याचा रंग ठरवून टाकतो. गायकानं मग त्या रंगात राहायचं.

इंग्लंडची जुनी लोकगीतं या दोन रंगांत मावत नाहीत. 'स्कारबरो फेअर' हे गाणं घ्या, बहुतेकांच्या कानावरून कधीतरी गेलेलं असतं. त्याच्या चालीत ग आणि नी कोमल, पण ध शुद्ध. तिकडे याला डोरियन म्हणतात. आपल्याकडे सरळ काफी थाट. दुसऱ्या कित्येक चालींत फक्त नी कोमल असतो, तो खमाज. याच्याही पुढची गोष्ट म्हणजे गावातले जुने गाणारे एकाच गाण्यात एका कडव्याला गांधार चढा लावत, दुसऱ्याला उतरा, आणि कधी दोन्हींच्या मधोमध. पर्सी ग्रेंजर नावाच्या संगीतकारानं १९०६ पासून लिंकनशरमध्ये फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर अशी गाणी भरून घेतली, तेव्हा त्याला हे स्वच्छ ऐकू आलं. शिकलेल्या लोकांनी ते 'बेसूर' म्हणून दुरुस्त करून छापायची पद्धत होती. ग्रेंजरनं जसं ऐकलं तसं लिहिलं.

तर अशा चालीच्या मागे मेजर-मायनरची कॉर्ड धरणं म्हणजे ठुमरी म्हणणाऱ्याच्या मागे बँडबाजा बसवणं. गळा एका जागी, बाजा दुसऱ्याच जागी.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या काही गिटारवाल्यांनी यावर जो उपाय काढला तो आपल्याला एका वाक्यात कळतो, युरोपातल्या माणसाला कदाचित चार पानं लागतील: त्यांनी गिटारीतून गांधार काढून टाकला. तंबोऱ्यात कुठे असते गांधाराची तार? प, सा, सा आणि खर्जाचा सा. (उत्तम जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो भाग वेगळा. पण तार नसते.) म्हणून तर त्याच तंबोऱ्यावर सकाळी भैरव गाता येतो आणि रात्री काफी.

नेहमीच्या गिटारीच्या सहा उघड्या तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सी ला सा मानलं तर हे होतं ग, ध, रे, प, नी, ग. दोन टोकांना दोन गांधार, आणि सा कुठेच नाही! मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा हसूच आलं. इतकी वर्षं मांडीवर घेतलेल्या वाद्यात षड्जाची मोकळी तारच नव्हती.

डेव्ही ग्रॅहम नावाच्या गिटारवाल्यानं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर बसता यावं म्हणून तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावल्या. डी ला सा धरा: सा, प, सा, म, प, सा. गांधार गायब. तारा लावण्याची ही रीत, म्हणजे ही लावणी, पुढे जगभर पसरली. कार्थी मात्र हळूहळू स्वतःच्याच लावणीवर येऊन थांबले: सी, जी, सी, डी, जी, ए. म्हणजे सा, प, सा, रे, प, ध. यातही ग नाही, नी नाही. जाड दोन तारा, सा आणि प, तंबोऱ्यासारख्या तळाला घुमत राहतात. वरच्या चार तारांत सा-रे अशी एक जोडी आणि प-ध अशी दुसरी. शेजारशेजारचे स्वर वेगवेगळ्या तारांवर असल्यामुळे पहिला स्वर विझायच्या आत दुसरा वाजतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात, स्वरमंडळावरून बोट फिरवल्यासारखे.

आणखी एक. सगळ्यात बारीक तार नेहमी ३३० हर्ट्झच्या आसपास असते, ती इथे २२० वर उतरते. जाड तार ८२ वरून ६५ वर. म्हणजे सगळी गिटारच खाली सरकून पुरुषाच्या गळ्याच्या सप्तकात येऊन बसते. अंगठा सा-प धरून ठेवतो आणि वरच्या तारांवर गाण्याची चालच वाजते, शब्दाला शब्द लावून, गळा जिथे जाईल तिथे. कॉर्ड नाही, झणझण नाही. पेटीवाला किंवा सारंगीवाला गायकाच्या मागे जे करतो तेच, फक्त इथे गायक आणि साथीदार एकच माणूस. काकांनी दोन गाण्यांत पकडलं ते हे.

मला राहवलं नाही, घरच्या गिटारीवर करून बघितलं. सगळ्या तारा ढिल्या करून सूर लावले आणि जे वाजलं ते गिटार नव्हतं, डब्यात अडकलेली माशी होती. कारण साधं आहे. तारेची लांबी आणि जाडी तीच ठेवली तर ताण हा सुराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. बारीक तारेचा सूर ३३० वरून २२० वर आणला, म्हणजे दोन-तृतीयांश केला. दोन-तृतीयांशाचा वर्ग चार-नवमांश. ताण निम्म्याहूनही कमी उरला! इतकी सैल तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून भणभणणारच. सूर खाली आणायचा तर तार जाड घ्यावी लागते.

राजवाड्याजवळच्या एका दुकानात गेलो आणि सुट्या तारा मागितल्या. दुकानदार म्हणाला, "भैया, सेट ले लो, सुट्टी कौन ढूँढेगा." शेवटी दोन सेट घेतले आणि तारांची जागा एकेक घर सरकवली. दुसरीची तार पहिलीच्या जागी, तिसरीची दुसरीच्या जागी, चौथीची तिसरीच्या जागी. दुसऱ्या सेटमधली चौथीची तार चौथीलाच, पण एक स्वर उतरवून. सहावीला सगळ्यात जाड मिळाली ती. नटची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या वरच्या टोकाच्या पट्टीची, खाच अरुंद पडली, ती कानशीनं जरा रुंद केली आणि करताना जीव खालीवर झाला. हे सगळं चाललं असताना काका पेटीवर पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरून बसले होते. ट्यूनरकडे मला बघूच देईनात. "पंचम अजून उतरलाय," "रिषभ बोलत नाहीये." अर्ध्या तासानं सहाही तारा एकदम छेडल्या तेव्हा त्यांनी भाता मारायचा थांबवला आणि नुसतं ऐकत राहिले.

आता वयाचं. गिटारवाल्याच्या हातातून म्हातारपणी सगळ्यात आधी काय जातं? वेग जातो असं आपण म्हणतो, पण त्याच्याही आधी जाते पकड. कॉर्ड धरायला तीन-चार बोटं एकाच वेळी वेगवेगळ्या तारांवर दाबावी लागतात. बार कॉर्डमध्ये तर पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचं बघायचं. सांधे आखडले की पहिला रामराम या कॉर्डला. त्यानंतर बोटांचा पसरट ताण, मग वेग. बोटांच्या टोकांची संवेदना कमी होते, नखं पातळ होऊन तडकतात. कार्थी अंगठ्यात नखी घालतात, सतारवाला मिजराब घालतो तशी, त्यामुळे अंगठ्याचा ठोका तरी नखावर अवलंबून राहत नाही.

पण कार्थींच्या वादनात बार कॉर्डला फारसं कामच नाही. चालीचा एका वेळी एकच स्वर दाबायचा, आणि त्यातलेही बरेच स्वर उघड्या तारेवर आयते मिळतात. खालचे सा-प तर दाबायचेच नाहीत. मला वाटतं, तरुणपणी लोकगीताच्या चालीसाठी शोधलेली ही लावणी म्हातारपणी हाताला धार्जिणी ठरली. ठरवून केलेलं नसणार ते. चाळिशीतला कोण माणूस ऐंशीतल्या बोटांसाठी तारा लावून ठेवतो?

म्हातारपणी रेकॉर्ड केलेली गिटार ही काही इंग्लंडचीच मिरास नाही. अमेरिकेत मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय शेतमजुरानं १९२८ मध्ये काही गाणी रेकॉर्ड केली आणि तो गावी परत गेला. १९६३ मध्ये रेकॉर्डच्या शौकिनांनी त्याला शोधून काढलं, तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. पुढची तीन वर्षं त्याला श्रोते मिळाले आणि १९६६ मध्ये तो वारला. एलिझाबेथ कॉटन या बाईंची गोष्ट याहून नवलाची. त्या डावखुऱ्या, आणि गिटार उजव्या हाताची. तारा न बदलता त्यांनी ती सरळ उलटी धरली, म्हणजे बोटांनी खर्ज आणि अंगठ्यानं चाल. बरीच वर्षं लोकांच्या घरी कामं केली आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये, ग्रॅमी घेतलं.

गळ्याचं गणित मात्र हातापेक्षा कठीण. वय झालं की स्वरतंतू पातळ होतात आणि एकमेकांना घट्ट भिडत नाहीत. मधून हवा निसटते, आवाजाला कंप येतो, स्वर धरून ठेवला तर कडा हलायला लागतात. फुफ्फुसांचा भाताही पहिल्यासारखा भरत नाही, म्हणून ओळ एका दमात पुरी होत नाही, मध्ये कुठेतरी श्वास घ्यावाच लागतो. कार्थींच्या नव्या अल्बममध्ये हे लपलेलं नाही आणि लपवलेलंही नाही. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. १९६५ चा आवाज कोऱ्या खादीसारखा, हा धुऊन धुऊन सुताला आलेला.

आपल्या इंदूरकरांना याचं वेगळं उदाहरण द्यायला नको. देवास इथून तासाभराच्या अंतरावर. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयामुळे तिथे राहायला आले, पुढची काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर आली ती बायाबापड्यांची माळवी लोकगीतं. गळा परत लागला तो एका फुफ्फुसाच्या जोरावर, आणि लांबलचक ताना बाजूला पडून छोट्या, धारदार फेकीचं गाणं तयार झालं. ती शैली किती फुफ्फुसाची आणि किती बुद्धीची, यावर आमच्या घरी दोन गट आहेत आणि जेवणाच्या ताटावर तो वाद मी काढत नाही. पण माळव्याच्या धुनांमध्ये त्यांना रागाची बीजं दिसली, आणि ती धुन कुणा एका माणसाची नव्हती, एवढ्यावर दोन्ही गटांचं एकमत आहे.

गळ्याला मध्येच श्वास लागतो, तेव्हा गिटारनं काय करायचं? ठराविक लयीत वाजणारी गिटार असेल तर ती पुढे निघून जाते आणि गायक धावत तिला गाठतो. साथ करणारी गिटार थांबते. एक मात्रा, दीड मात्रा, कितीही. तेवढ्या वेळात खालच्या सा-प च्या तारा घुमत असतात, म्हणून पोकळी वाटत नाही. दोन्ही अल्बममधलं एकच गाणं लागोपाठ ऐकाल तेव्हा फक्त एवढंच करा: ओळ कुठे संपते ते सोडून द्या, दोन ओळींच्या मध्ये काय चाललंय तिकडे कान ठेवा.

स्टुडिओत हे टिपायचं म्हणजे आजच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. हल्ली बहुतेक गाणी क्लिकवर भरतात. कानात घड्याळासारखी टिकटिक चालू, आधी गिटार वाजवून घ्यायची, मग गळा वेगळा. चुकलं तर तेवढाच तुकडा पंच करायचा, म्हणजे पुन्हा भरायचा. पाच टेकमधले पाच चांगले तुकडे उचलून एक टेक बनवायचा. सूर हलला असेल तर सॉफ्टवेअरनं ओढून जागेवर बसवायचा. गळा आणि गिटार एकमेकांवाचून चालतच नसतील तर यातलं काहीच जमत नाही. टिकटिक लावली तर थांबणं गेलं. वेगवेगळं भरलं तर कोणाच्या मागे कोण जाणार? आणि एकत्र भरलं तर लीकेज होतं, म्हणजे गिटारचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये सांडतो आणि गळ्याचा गिटारच्या. मग गळ्याचा एक स्वर दुरुस्त करायला जावं तर मागची गिटारही वाकडी होते. म्हणून असा माणूस गायला बसला की एक पूर्ण टेक घ्यायचा, नाही पटला तर पहिल्यापासून दुसरा. चौऱ्याऐंशीच्या गळ्यात दिवसाला असे टेक किती असतील त्याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

माइक कुठे ठेवतात तेही सांगून टाकतो, कारण घरी मोबाइलवर रेकॉर्ड करणारे सगळे तिथेच चुकतात. आवाज गिटारीच्या भोकातून येतो असं वाटतं आणि माइक भोकासमोर धरला जातो. भोकातून हवेचा घुमारा येतो, तारांचं बोलणं त्यात बुडतं. मान जिथे पोटाला मिळते त्या बाराव्या-चौदाव्या फ्रेटच्या समोर, वीतभर किंवा थोडं जास्त लांब माइक धरा. बोटं तारेवरून सरकल्याची खरखरही थोडी येईल. येऊ दे.

स्कारबरो फेअरबद्दल अजून थोडं, कारण नव्या अल्बममध्ये त्या गाण्याला सतार आहे. शीमा मुखर्जी यांची. सतारिये पंडित निखिल बॅनर्जी त्यांचे गुरू आणि नात्यानंही जवळचे, आणि निखिलबाबू शिकले मैहरला, अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे. म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातली ही तार फिरून फिरून यॉर्कशरच्या गाण्यात गेली. पश्चिमेकडच्या गाण्यात सतार आली की मला धास्तीच वाटते, बहुतेक वेळा ती कोशिंबिरीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखी असते. इथे तसं होत नाही, कारण चालच काफीची आहे आणि खाली गांधाराची तार नाही. काकांनी पेटीवर दोन मिनिटं चाचपडून कोमल ग, शुद्ध ध, कोमल नी लावून बघितले आणि मान हलवली. "काफीच की. मग सतार परकी कशी वाटेल?"

गाण्याचा मजकूर ऐकून तर आमच्या काकूंनीही स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. त्यात प्रियकर निरोप पाठवतो की तिनं मला शिवणीविना, सुईविना सदरा शिवून द्यावा, मग ती माझी. असल्याच अशक्य अटी एकावर एक. "हे कारल्याच्या वेलाचंच गाणं झालं!" काकू म्हणाल्या. भोंडल्यातलं ते गाणं घराघरात म्हटलं जातं: सून माहेरी जायचं म्हणते आणि सासू म्हणते आधी कारल्याचा वेल लाव, मग त्याला कारली येऊ दे, मग भाजी कर. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ जुन्या कथागीतांचा संग्रह छापला. त्यात दुसऱ्या क्रमांकावरच्या गाण्याची ही एक शाखा. चाइल्डना भोंडला भेटला नाही हे त्यांचं नुकसान.

गाणं कुणाचंच नसेल तर त्यावर हक्क कुणाचा? शब्द आणि चाल परंपरेची, पण ती चाल गिटारवर बसवण्याची रीत, म्हणजे अरेंजमेंट, ही बसवणाऱ्याची मेहनत असते आणि तिला कायद्यानं वेगळा हक्क मिळू शकतो. म्हणून अशा रेकॉर्डवर 'पारंपरिक, रचना अमुक' असं छापतात. १९६५ मध्ये लंडनला असलेल्या पॉल सायमननं कार्थींकडून हे गाणं त्यांच्या बसवणीसकट उचललं. पुढच्याच वर्षी ते सायमन आणि गारफंकल यांच्या अल्बममध्ये आलं, जगभर गाजलं, पण कार्थींचं नाव त्यावर नव्हतं. हे त्यांना बरीच वर्षं सलत राहिलं. २००० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये सायमननं त्यांना मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते मिळून गायलं. बॉब डिलननंही १९६२ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये कार्थींचं हेच गाणं ऐकलं होतं आणि त्यातून स्वतःचं वेगळंच गाणं बांधलं, पण त्याच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर, दुसऱ्या एका गाण्याच्या निमित्तानं का होईना, त्यांचा उल्लेख होता. दोघांत फरक एवढाच, आणि तेवढा पुरतो.

परवाच्या गुरुवारी काका म्हणाले, "तुझी ती तंबोऱ्याची गिटार आण, आज तिच्यावरच म्हणू." माझ्या लावणीचा सा पांढरी एकला. काकांचा गळा आयुष्यभर काळी एकचा, मंडळात पेटीवर त्यांच्या नावानं ती पट्टी ठरलेली असायची. गिटारवर ही अडचण कॅपो सोडवतो. चिमट्यासारखी छोटी पट्टी पहिल्या फ्रेटवर लावली की सहाही तारा अर्ध्या स्वरानं चढतात आणि पांढरी एकची काळी एक होते. मी कॅपो लावला, तारा छेडल्या. काकांनी सा लावला, अंतऱ्याच्या तार षड्जापर्यंत जाऊन बघितलं, थांबले, घोटभर पाणी प्यायले. पुन्हा एकदा बघितलं.

"काढ तो चिमटा," म्हणाले. "पांढरी एकच राहू दे."